एम.ए. (गणित) आणि विद्याशाखेचा रकाना : माझा अनुभव

ज्यांच्याकडे एम.ए. (गणित) अशी पदवी आहे आणि ती परदेशात कुठे दाखवायची वेळ येणार आहे, त्यांनी विद्याशाखेचं पत्र, म्हणजे पदवी कोणत्या विद्याशाखेनं (फॅकल्टीनं) दिली हे सांगणारं विद्यापीठाचं पत्र, सगळ्यात आधी काढून घ्यावं. ट्रान्स्क्रिप्ट, शिफारसपत्रं, पासपोर्ट हे सगळं नंतर. माझी बाकीची कागदपत्रं वेळेत हातात आली, आणि या एका पत्रानं मला रडकुंडीला आणलं. अजूनही आठवलं की राग येतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. गणिताच्या इतिहासाचा नाद कॉलेजपासूनचा. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात काही महिने राहून तिथल्या गणिताचा इतिहास अभ्यासायचा, असा प्रस्ताव तयार करून मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. अर्जात एक रकाना होता : तुमची पदवी कोणत्या विद्याशाखेनं दिली? आणि पुरावा म्हणून विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र जोडायचं होतं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखा नव्हती, पण बी.ए.ला गणित घेता येत होतं. पुढे विद्यापीठात बी.एस्सी. झालेली मुलं आणि आम्ही बी.ए.वाले एकाच वर्गात बसलो, तेच पेपर लिहिले. त्यांना एम.एस्सी. मिळालं, आम्हाला एम.ए. तेव्हा यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मध्यंतरी २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा आला आणि राज्यभर चारच विद्याशाखा उरल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. ज्या कला विद्याशाखेनं मला पदवी दिली, ती त्या नावानं राहिलीच नाही.

पत्र मागायला मी विद्यापीठात गेले. खिडकीवरच्या भाऊंनी माझा अर्ज घेतला, माहिती भरली आणि थांबले. मग मॉनिटर माझ्याकडे वळवून म्हणाले, "मॅडम, बघा तुम्हीच. पदवीत एम.ए. टाकलं की मानव्यविद्या येतंय. विषयात गणित टाकलं की विज्ञान व तंत्रज्ञान. दोन्ही मिळून सिस्टीम घेतच नाही." खाली लाल अक्षरांत सूचना आली होती. त्यांनी दोनतीनदा तेच करून दाखवलं. माणूस सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्या टेबलांवर. एका टेबलानं सांगितलं, मानव्यविद्या लिहून देतो, काम होऊन जाईल. दुसऱ्यानं सांगितलं, गणित म्हणजे विज्ञानच, पण त्यासाठी तुमची पदवी एम.एस्सी. पाहिजे. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "गणितात एम.ए. असतं का हो?" त्यांच्याच विद्यापीठाचा शिक्का त्या कागदावर होता! मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, साहेब रजेवर आहेत. साहेब आले तेव्हा फाईल शैक्षणिक विभागाकडे गेली होती. शैक्षणिक विभाग म्हणाला, हे परीक्षा विभागाचं काम. परीक्षा विभाग म्हणाला, आमच्याकडे फाईल आलेलीच नाही. अर्जाची मुदत जवळ येत होती, आणि माझी फाईल कुठल्या टेबलावर आहे याचा ताकास तूर लागत नव्हता.

इथे एक सांगून ठेवते. अर्ज नुसता टेबलावर देऊ नका. आवक-जावकला देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. माझ्याकडे तो क्रमांक होता म्हणूनच "फाईल आलेलीच नाही" या वाक्यापुढे मला बोलता आलं. रजिस्टरमध्ये तो क्रमांक शोधायला लावला, तेव्हा फाईल परीक्षा विभागातच सापडली.

"मानव्यविद्या लिहून घ्या ना मॅडम, कोण बघतंय," असं मला घरच्यांनीही सांगितलं. मी ऐकलं नाही. एक तर मला पदवी मिळाली तेव्हा ती विद्याशाखा अस्तित्वातच नव्हती. दुसरं म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज विद्याशाखेप्रमाणे वेगवेगळ्या समित्यांकडे जातात, हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं. पत्रात एक, गुणपत्रिकेत दुसरंच, असं झालं तर अर्ज बाजूला पडायला तेवढं कारण पुरे होतं. आणि तिसरं कारण मनातलं. ज्या विद्यापीठात मला जायचं होतं, तिथे गणित कितीतरी काळ विज्ञानाच्या विद्याशाखेत नव्हतंच. माझा प्रस्तावच त्यावर होता. तिथल्या इतिहासावर काम करायला निघालेल्या बाईनं आपल्याच पदवीचा इतिहास सोयीसाठी बदलून घ्यायचा, हे मला जमणार नव्हतं.

शेवटी उपकुलसचिवांची भेट मिळाली. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला : गणित कला शाखेत कसं? मी एक पानभर टिपण लिहून नेलं होतं. ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि तोंडीही सांगितलं. जे सांगितलं ते इथे लिहिते. कुणाला अशा टेबलासमोर बसायची वेळ आली, तर उपयोग होईल.

ग्योटिंगेनचं विद्यापीठ हॅनोव्हरचे शासक आणि इंग्लंडचे राजे दुसरे जॉर्ज यांच्या नावानं उभं राहिलं. अध्यापन १७३४ साली सुरू झालं, रीतसर उद्घाटन १७३७ साली. विद्याशाखा चार : धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत पहिल्या तीन वरच्या मानल्या जात, कारण त्यांतून धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य तयार होत. तत्त्वज्ञानाची शाखा म्हणजे खालची पायरी. भाषा, इतिहास, तर्क, भौतिकी, गणित, सगळं तिच्या पदरात. ग्योटिंगेनची घडी बसवणारे मंत्री म्युन्शहाउझन यांनी दोन गोष्टी केल्या. धर्मशास्त्राच्या शाखेला इतरांच्या शिकवण्यावर पहारा ठेवायचा अधिकार दिला नाही, आणि खालच्या पायरीवरच्या या शाखेला बळ दिलं. थोर गणिती गाउस १८०७ पासून १८५५ साली मरण येईपर्यंत तिथे प्राध्यापक होते, ते याच तत्त्वज्ञान विद्याशाखेत. गणिती रीमान यांनी १८५४ साली भूमितीच्या पायाबद्दलचं ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं, तेही याच शाखेपुढे, अध्यापनाचा हक्क मिळवण्यासाठी. रशियन गणिती सोफिया कोवालेव्स्काया यांना १८७४ साली गणितातली डॉक्टरेट ग्योटिंगेननंच दिली.

मग मी पुण्याचं उदाहरण दिलं, आणि इथे साहेबांनी मान वर केली. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे, पतंजलीच्या महाभाष्याची संहिता संपादित करणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ साली ग्योटिंगेनला संस्कृतचे प्राध्यापक म्हणून गेले. १८८५ साली डॉ. रा. गो. भांडारकरांना ग्योटिंगेननं सन्माननीय पीएच.डी. दिली. पुढच्याच वर्षी फेलिक्स क्लाइन तिथे गणिताचे प्राध्यापक झाले. पाणिनीचं व्याकरण शिकवणारे कीलहॉर्न आणि क्लाइन हे दोघे कागदोपत्री एकाच विद्याशाखेतले सहकारी होते. गणित तिथे वेगळं झालं ते १९२२ साली, गणित व निसर्गविज्ञान अशी स्वतंत्र विद्याशाखा निघाली तेव्हा.

एका विद्याशाखेत असण्याचा त्रासही झाला, आणि तो गणिती एमी नोएथर यांना झाला. क्लाइन आणि तिथलेच गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांनी त्यांना १९१५ साली ग्योटिंगेनला बोलावलं. अध्यापनाचा हक्क मिळावा म्हणून त्यांचा अर्ज तत्त्वज्ञान विद्याशाखेपुढे आला. भाषा-इतिहासाच्या बाजूच्या प्राध्यापकांनी बाई म्हणून विरोध केला. सिनेट म्हणजे काही स्नानगृह नव्हे, असं त्यावर हिल्बर्ट म्हणाल्याचं सांगतात. ग्योटिंगेन तेव्हा ज्या राज्यात होतं त्या प्रशियाच्या नियमानंही बायकांना मनाई होती. शेवटी हिल्बर्ट यांच्या नावानं व्याख्यानं जाहीर व्हायची आणि शिकवायच्या नोएथर. भौतिकीत आज ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो त्यांचा, सममिती आणि अक्षय्यतेचे नियम जोडणारा सिद्धांत १९१८चा, आणि शिकवायचा हक्क मिळाला १९१९ साली. १९३३ साली नाझी राजवटीनं ज्यू म्हणून तोही काढून घेतला. फाईलसाठी थांबताना मला त्या चार वर्षांची सारखी आठवण यायची. माझं दुखणं त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण कागदावरचा एक रकाना माणसाला किती अडवू शकतो, हे त्या दिवसांत मला जास्त कळलं.

साहेबांनी टिपण शांतपणे वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे, पण मला आपल्या विद्यापीठाचा कागद लागेल." ते योग्यच बोलले. आणि तो कागद कुठे मिळेल हेही त्यांनीच सांगितलं : दीक्षान्त समारंभाची पुस्तिका. दरवर्षीच्या पुस्तिकेत पदव्या विद्याशाखांप्रमाणे छापलेल्या असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तिका बांधून ठेवलेल्या होत्या. तिथल्या ताईंनी माझ्या वर्षाचा खंड काढून दिला. पिवळट पानावर "कला विद्याशाखा", त्याखाली "एम.ए.", त्याखाली "गणित", आणि तिथे माझं नाव. मी त्या पानाची छायाप्रत ग्रंथपालांच्या सहीशिक्क्यानं साक्षांकित करून घेतली. ती जोडल्यावर मात्र पत्र भराभर निघालं. लेटरहेडवर मजकूर होता : पदवी प्रदान करतेवेळी विद्याशाखा कला; विषय गणित; सध्याच्या कायद्यानुसार हा विषय विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेत समाविष्ट. तिन्ही गोष्टी एका पत्रात. सही पाहून माझा जीव भांड्यात पडला, आणि अभिमानही वाटला. एक अक्षर खोटं न लिहिता काम झालं होतं.

"पदवी प्रदान करतेवेळी" हे शब्द पत्रात आहेत ना, ते सही होण्याआधी मसुद्यातच बघा. ते नसतील तर आजच्या विद्याशाखेचं नाव पडतं आणि पुन्हा गोंधळ. मसुदा दाखवा म्हणायला लाजू नका, मला मागितल्यावर दाखवला. इंग्रजी पत्र वेगळं मागावं लागतं, ते त्याच अर्जात लिहा, नाहीतर चलन पुन्हा भरावं लागेल. पुस्तिका सापडली नाही तर त्या वर्षीच्या पदव्यांचे अध्यादेश मागा, त्यांतही विद्याशाखा लिहिलेली असते.

शिष्यवृत्ती मिळाली. मुलाखतीत समितीनं पहिला प्रश्न पत्रातल्या त्या तीन ओळींबद्दलच विचारला, आणि बराच वेळ आम्ही त्यावरच बोलत होतो.