नंदवाळच्या दिंडीत, आईच्या जागी

पंढरपूर गाठणं जमलं नाही तर कोल्हापूरची माणसं आषाढी एकादशीला नंदवाळला चालत जातात. करवीर तालुक्यातलं हे गाव म्हणजे आमचं प्रतिपंढरपूर. विठ्ठल पंढरीला जाण्याआधी इथं वस्तीला होता, असं जुनी माणसं सांगतात. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून पालखी निघते आणि साने गुरुजी वसाहतीकडून पुईखडीचा चढ चढून पुढं जाते. माझी आई नोकरीतून निवृत्त झाल्यावर दर साल या दिंडीत असायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदा तिच्या जागी मी चालले.

तिची जागा म्हणजे अगदी शेवटची. वीणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका असे सगळे पुढं गेले की मग आई. "ज्याला गरज लागंल तो मागंच असतोय," एवढंच ती म्हणायची. खांद्याला पिशवी. पिशवीत बीपीचं मशीन, कापूस, पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटं आणि गुळाचे खडे.

मागं चाललं की दिंडी वेगळीच दिसते. मृदंग लांबून ऐकू येतो आणि जवळ ऐकू येतात ते श्वास. वसाहत ओलांडली तोवर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. साठीच्या पुढच्या एक आजी कडेच्या दगडावर टेकल्या. कपाळाला घाम, हाताला कापरं. "शुगरची गोळी घेतलीसा काय?" मी विचारलं. सकाळी गोळी घेतली होती आणि एकादशी म्हणून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हे आईनं मला कितीदा सांगितलं होतं. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते, अशा वेळी आधी गोड द्यायचं आणि बाकी विचारपूस नंतर. गूळ दिला, पाणी दिलं, मग केळं. पाव तासानं आजींच्या डोळ्यांत ओळख आली. लगेच प्रश्न, "तू कुणाची गं?"

आईचं नाव सांगितलं.

"नर्सबाईंची? अगं, माझी दोन्ही पोरं तिच्याच हातावर झाल्यात!"

आई करवीर तालुक्यातल्याच एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होती. बाळंतपणं, लसीकरण, गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्या, कुटुंब नियोजन, सगळं तिच्याकडं. लसीच्या दिवशी बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा खांद्याला अडकवून ती वाड्यावस्त्या पालथ्या घालायची. लस दोन ते आठ अंश तापमानातच राहिली पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात डबा सावलीत ठेवायची आणि स्वतः उन्हात उभी राहायची. पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. हे ती आयांनासुद्धा दाखवायची. आपल्या लेकराच्या तोंडात काय पडतंय ते आईला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. क्षयरोगाची बीसीजी लस टोचल्या जागी फोड येईल, त्याला हळद लावायची नाही, शेकायचं नाही, हे तर ती लग्नाच्या पंगतीतही सांगत बसायची. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या संध्याकाळी तिनं घरी शिरा केला. देवापुढं ठेवला आणि मग शेजारीपाजारी वाटला.

घरातही ती नर्सच होती. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. दर दोन तासांनी आजीची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजराचं घड्याळ उशाशी असायचं आणि भावाच्या नि माझ्या पाळ्या ठरलेल्या. चादरीला सुरकुती राहता कामा नये, टाच गादीला घासता कामा नये. आजी वर्षानुवर्षं अंथरुणावर होती, पण तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. सुनेनं सासूसाठी केलं म्हणून लोक कौतुक करायचे. आईला ते आवडायचं नाही. "पेशंटला नातं नसतंय," असं म्हणायची, आणि तीच आजीचे केस विंचरताना तासभर गप्पा मारत बसायची.

पुईखडीच्या माळावर रिंगण झालं. अश्व धावला, गर्दी पुढं रेटली, टाळ टिपेला पोचले. शहराच्या पाण्याचं शुद्धीकरण केंद्र याच पुईखडीला आहे, त्यामुळं मला २०१९ चा महापूर आठवला. पंचगंगेच्या काठचे पाणी उपसणारे पंप बुडाले आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडले. चिखली, आंबेवाडीची माणसं शहरात आणली होती. आई निवृत्त होती, पण एका निवारा केंद्रात जाऊन बसली. घरात पाणी शिरताना माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली, औषधं मागं राहिलेली. "पांढरी बारकी गोळी, सकाळी एक," एवढीच ओळख. आई अंदाजानं एकही गोळी देत नव्हती. नाव, आजार, औषध कुठल्या दुकानातून घेता, हे सगळं ती वहीत लिहायची आणि दुकानदाराला, डॉक्टरांना फोन लावून खात्री करायची. पुराच्या बातम्यांत बोटी दिसल्या, हेलिकॉप्टर दिसली. अशा वह्या कुणी दाखवल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. पूर ओसरल्यावर रक्तदाब वाढून माणूस जाऊ नये म्हणून हे काम तेवढंच गरजेचं होतं.

रिंगणानंतरचा रस्ता उताराचा. एका पोराच्या टाचेला फोड आला होता आणि तो नखानं फोडायच्या बेतात होता. त्याचा हात धरला, फोड न फोडता वर पट्टी लावली. दोन आजोबांचा बीपी बघितला. एकांनी उपास म्हणून गोळी घेतली नव्हती. आईचं वाक्य माझ्या तोंडून आपसूक आलं, "माउली, औषधानं उपास मोडत न्हाई." त्यांनी तिथंच खिशातली गोळी काढून घेतली.

नंदवाळला दर्शनाची रांग लांबलचक होती. सकाळच्या आजी भेटल्या, त्यांच्याबरोबरच उभी राहिले. आईच्या बाळंतपणांच्या गोष्टी ऐकत रांग सरकली. एका गोष्टीत कंदिलाच्या उजेडात, पुराच्या पाण्यातून बैलगाडीनं आलेली आई होती. ती गोष्ट तिनं घरी कधीच सांगितली नव्हती.

दर्शन घेऊन केएमटीच्या बसमध्ये बसले आणि भावाच्या बायकोला फोन केला. वहिनी स्टाफ नर्स आहे. "पुढच्या साली रजा टाक," म्हटलं, "साखर तपासायचं मशीनही घेऊ बरोबर." ती म्हणाली, "रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवते."