आतली दारं: सहापैकी चार लागली

परवा संध्याकाळी मधल्या खोलीचं दार बसलं. खाली उंबरठ्याला घासत नाही, वर अडत नाही, आणि अर्धं उघडून हात काढला की तिथंच थांबतं, आपोआप मिटत नाही की उघडत नाही. म्हणजे आमच्या जुन्या घराच्या आतल्या सहा दारांपैकी चार पुन्हा बसवून झाली. मागच्या नोंदीत दोन झाल्याचं लिहिलं होतं. त्यातलं एक तेव्हाच चुकलं होतं, पण ते कळायला पावसाळा यावा लागला. आज सुरुवात त्याच दारापासून करते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी घराची थोडी ओळख. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं गाव, काळ्या मातीवर उभं असलेलं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर. भिंती दीड हात जाड. आतल्या सगळ्या चौकटी सागवानी आणि सगळ्या बुटक्या. सर्वांत मोठी पाच फूट दोन इंच उंच, दोन फूट सात इंच रुंद. आतल्या दारांपैकी दोन उधईनं (वाळवीनं) खाल्लेली, एकाच्या जागी पत्रा ठोकलेला, एका जागी नुसता पडदा, आणि दोन रंगाच्या थरांखाली गुदमरलेली. बाहेरचं दार धडधाकट आहे, त्याला मी हात लावलेला नाही.

तर माजघराचं दार. ते मी गेल्या वर्षी मे महिन्यात बसवलं. जुन्याच सागाच्या फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या. चारी बाजूंनी एकसारखी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवली आणि खूप समाधानानं फोटो काढला. श्रावणात ते दार असं अडकलं की आईला खांदा लावून ढकलावं लागायचं. मी आधी कब्ज्यांवर (बिजागऱ्यांवर) संशय घेतला, मग रंधा काढला आणि कडेचं लाकूड उतरवलं. दार मोकळं झालं. दिवाळीनंतर फट वाढत गेली आणि या मे महिन्यात तर माजघरात अंधार केला की पलीकडच्या दिव्याची उभी रेघ दिसायची.

मग मी शहाणपणा केला आणि मोजायला लागले. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं दर महिन्याची रुंदी लिहिली. मे महिन्यात बरोबर ३० इंच, ऑगस्टच्या शेवटी ३० इंच दोन सूत. लाकूड उंचीत जवळजवळ हालत नाही, रुंदीत हालतं, कारण त्याच्या रेषांना आडवं ते ओल पितं आणि सुकतं. पारा ४५ च्या वर जातो तेव्हाचं लाकूड आणि आठ दिवस झड लागलेली असतानाचं लाकूड ही दोन वेगळी मापं आहेत.

इतक्यानंही सगळा हिशोब लागत नव्हता. म्हणून चौकटीचे कर्ण मोजले. मे महिन्यात दोन कर्णांत तीन सुतांचा फरक, सप्टेंबरमध्ये पाच. म्हणजे चौकट स्वतःच तिरकी होत होती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतात आपण रोज बघतो. घराखालीही तीच माती आहे हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिस्त्रीकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरी, घर हालते. तू दार घट्ट करशीन त घर कुठी हालन?" आणि थोडं थांबून, "जुन्या माणसाईले फट कमी ठेवता येत नोती का? त्याईनं जाणून ठेवली."

तेव्हापासून जुन्या दारांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. आमच्या मूळ दारांना कब्जे नव्हतेच. दाराच्या एका कडेला वर-खाली गोल खुंटी, खालची दगडातल्या खळग्यात फिरते, वरची लाकडाच्या भोकात. वर चांगली पाव इंच ढिलाई. चौकट थोडी वाकडी झाली तरी खुंटी आपली जागा शोधून घेते. देवघराचं दार मी पुन्हा तसंच खुंटीवर बसवलं आणि दोन पावसाळे झाले तरी त्याची एकही तक्रार नाही. खळग्यात एरंडेलाचे चार थेंब घालते. जवसाचं तेल तिथे घालू नका, ते वाळून चिकट होतं.

आता दारं शोधण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

पहिला सोपा विचार सगळ्यांनाच येतो: तालुक्याच्या दुकानातून फ्लश डोअर आणावं आणि कापावं. करू नका. या दाराच्या कडेला आतून लाकडाची एक चौकट असते, काही इंचांची. मधे भराव, वरून प्लाय. सात फुटांचं दार पाच फूट दोन इंचावर आणायचं म्हणजे खालची आडवी पट्टी पूर्ण कापली जाते. खालची कड उघडी पडते, आणि आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसतात. दोन पावसाळ्यांत प्लाय सुटतो. घ्यायचंच तर कारखान्यातून आपल्या मापाचं बनवून घ्या, कापून नको.

जुनं दार शोधताना मी आधी बाहेर फिरले, हे उलटं झालं. अमरावतीच्या एका लाकडाच्या टालात दोन चकरा मारल्या, पुलगावला गेले. आणि देवघराची मूळ झडप सापडली आमच्याच गोठ्यात, कुटार (जनावरांचा भुसा) ओलं होऊ नये म्हणून त्याखाली आडवी टाकलेली. वरच्या टोकाची खुंटी झिजलेली, पण चौकटीत धरली तर सुतासुताला बरोबर. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या आजीनं काढून ठेवली होती, मले वाटलं जळाली." म्हणून सांगते, आधी आपला गोठा, माळा, न्हाणीचं छप्पर आणि विहिरीवरचं झाकण बघा. सागाची फळी कोणी सहज जाळत नाही, तिला काही ना काही काम लागलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे घरकुल मंजूर झालेली घरं. जुनं मातीचं घर पाडतात, स्लॅबच्या घरात लोखंडी चौकटी येतात, आणि जुनी दारं ओट्यावर पडून राहतात किंवा चुलीत जातात. पाडणं सुरू व्हायच्या आधी जाऊन बोललं की काम होतं. अशाच दोन झडपा मला आमच्याच गल्लीतून मिळाल्या, १८०० रुपयांना एक. त्या काकूंना आधी पटेचना की कोणी याचे पैसे देईल. मी भाव केला नाही. तेवढं लाकूड नवं घ्यायला गेलं तर किती पडतं ते मला माहीत होतं.

बघायला जाताना मी टोचा, लोहचुंबक, टेप आणि छोटी पटाशी नेते. झडप आधी उचलून बघायची, आतून खाल्लेली असेल तर हातालाच हलकेपणा कळतो. मग खालच्या आणि कब्ज्याच्या कडेला टोचा. फिकट पांढरट कड उधई आवडीनं खाते, आतला सोनेरी तपकिरी गाभा सहसा सोडून देते, म्हणून कड भुसभुशीत असली तरी लगेच नाही म्हणायचं नाही. मागच्या बाजूची एक बारीक सालपट काढून वास घ्यायचा. सागाचा वास चामड्यासारखा, थोडा तेलकट, एकदा नाकात बसला की चुकत नाही. चुंबक शेवटी, पण विसरायचं नाही. रंगाखाली बुडालेला एक खिळा रंध्याचं पातं घालवतो.

माप घेताना टेपवर भरवसा नको. मी कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा चौकटीत बसवून तसाच कापते आणि तो पुठ्ठाच सोबत नेते. आमच्या मधल्या खोलीची चौकट डावीकडे पाच फूट दोन इंच आहे आणि उजवीकडे तीन सूत कमी. चौकट सरळ करायचा मोह झाला होता. पण वरच्या आडव्या लाकडाची टोकं भिंतीत फूटभर आत गेलेली आहेत, ती ओढली तर वरची माती खाली येईल. चौकट राहू दिली, दार तिच्या आकाराचं केलं.

हीच मधली खोली म्हणजे आमची कूलरची खोली, आणि इथे सगळं उलटं होतं. घरभर दारं आकसतात तेव्हा हे फुगतं, तेही मे महिन्यात. शिवाय एका अंगाला कूलरची ओल आणि दुसऱ्या अंगाला माजघराची कोरडी झळ, त्यामुळे फळ्यांचं दार बाकदार होऊन वरच्या कोपऱ्यात चौकटीपासून सुटायचं. इथे नुसत्या फळ्या चालणार नाहीत हे काकांनी आधीच सांगितलं. म्हणून गल्लीतल्या दोन झडपा उतरवून त्यांतून पॅनलचं दार बनवलं. उभ्या पट्ट्या चार इंची, मधल्या फळ्या खाचेत मोकळ्या, प्रत्येक बाजूला दीड सूत जागा. खाचेत फेविकॉलचा थेंबही नाही. फळी खाचेच्या आत फुगते आणि आकसते, दाराची बाहेरची रुंदी फार बदलत नाही. फळ्यांना तेल जोडणीच्या आधीच दिलं, नाहीतर उन्हाळ्यात आकसल्यावर कोरी रेघ दिसते.

कब्जे लावायला पूर्ण दिवस गेला आणि तो वाया गेला नाही. चौकट किंचित पुढे झुकलेली आहे. कब्जे तिच्यावर जसेच्या तसे लावले असते तर दार आपोआप उघडलं असतं. ओळंबा सोडला, दोन्ही कब्ज्यांच्या कांड्या एका उभ्या रेषेत येईपर्यंत खालच्या कब्ज्यामागे सागाची पातळ चकती सरकवली. सुरुवातीला लिहिलं ना, अर्धं उघडून सोडलं की थांबतं, ते यामुळे. फट कब्ज्याकडे एक सूत, कडीकडे दोन. कूलर नसलेल्या खोलीत मे महिन्यात बसवलं असतं तर कडीकडे तीन ठेवली असती, ऐन पावसात एक पुरली असती.

रंगाबद्दल थोडं, पण महत्त्वाचं. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारा नियम २०१६ सालचा आहे, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. आपल्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. मी ओलं करून खरवडते, मास्क लावते, भाचरं घरी असतील त्या दिवशी हे काम काढतच नाही. खपल्या कागदात गोळा करते, अंगणात झाडत नाही.

नंतर जवसाचं तेल, दोन्ही अंगांना आणि वरच्या-खालच्या कडांनाही. त्या कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून राहून जातात, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. घाण्याचं कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं, म्हणून दुकानातलं उकळलेलं घेते. एक इशारा: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी तारेवर मोकळी वाळत घालते, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवते. कवेलूच्या घरात, शेजारी कुटार असताना, हे हलक्यात घ्यायचं नाही.

आता राहिली दोन. चुलीच्या खोलीचं दार सोपं आहे, खालची कड सडलेली तेवढी तिरका जोड देऊन बदलायची. अवघड आहे कोठीचं. उंची चार फूट अकरा इंच, रुंदी दोन फूट तीन इंच, आणि तिथे पत्रा आहे. एवढी लहान झडप अजून सापडली नाही. काका म्हणतात उभ्या पट्ट्यांपुरतं नवं लाकूड घे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाचं. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान तिथूनच गेलं, हे ते दर वेळी सांगतात. नवं घेतलं तर पावती आणि वाहतूक परवाना बघूनच घेईन. पण आधी डिसेंबरभर शोधणार आहे. कोणाकडे या मापाची किंवा थोडी मोठी झडप पडून असेल तर कळवा, पुठ्ठा घेऊन येते. जानेवारीत तूर घरात येईल, आणि पाठीवर पोतं घेतलेला माणूस त्या दारातून आत जाऊ शकतो का, हे मला त्याच्या आधी बघायचं आहे.