कोल्हापूर ते हिमाद्री: हवामान मॉडेलचा अंदाज बर्फात तपासायला जाणाऱ्यांसाठी

परवाच घरी पोचलो. आईनं आधी तांबडा रस्सा वाढला आणि मग विचारलं, एवढ्या लांब जाऊन केलंस काय. तिला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचंच सांगितलं, पावसाळ्यात अंदाज काहीही येऊ दे, आपण बघतो पट्टीवर 39 फुटांना इशारा लागला का, 43 फुटांना धोका लागला का. आर्क्टिकला अशा पट्ट्याच कमी, म्हणून माणसं जाऊन मोजतात आणि मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारा प्रोग्रॅम, त्याच्याशी ताडून बघतात.

महालक्ष्मीनं मुंबई, मग विमानानं ओस्लो, लाँगयिअरब्येन आणि तिथून छोट्या विमानानं न्यू-ओलेसुंड, जवळपास 79 अंश उत्तरेला, आपलं, म्हणजे भारताचं, हिमाद्री संशोधन केंद्र तिथं 2008 पासून आहे. व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच काढा, ही गावं ज्या बेटांवर आहेत ते स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) नाही, सिंगल असला तर परत येताना नॉर्वेत शिरायची पंचाईत होते. न्यू-ओलेसुंडला रेडिओ दुर्बीण आहे, तिला लहरींचा अडथळा नको म्हणून मोबाईल, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद, लागणारा डेटा आधीच उतरवून न्या.

जानेवारीत सूर्य उगवतच नाही. आकाश मोकळं असलं की बर्फ उष्णता वर सोडत राहतो, खालची हवा वरच्यापेक्षा गार होऊन बसते, आणि बरीच मॉडेल ही हवा जास्त ढवळतात म्हणून त्यांचा पारा खऱ्यापेक्षा वर असतो. ढग आला की उलटं. शून्याखाली 20 अंशांतही ढगात पाण्याचे थेंब राहतात, ते गोधडीसारखे ऊब धरतात, मॉडेल मात्र त्यांचा घाईनं बर्फ करून टाकतं. एका रात्री मी बाहेर असताना असा ढग आला, थोड्या वेळानं गालाला झोंबायचं कमी झालं, आत येऊन बघतो तर रेडिएशनचा, म्हणजे वरून खाली येणाऱ्या उष्णतेचा, आलेख सरळ वर गेलेला. तो आलेख मी कितीदा बघितला सांगता येत नाही.

आता महत्त्वाचं. शेजारच्या जर्मन-फ्रेंच स्टेशनवरून रोज हवा मोजणारी यंत्रं बांधलेला फुगा सोडतात, पण ती मापं जगभरच्या अंदाज मॉडेलमध्ये आधीच घातली जातात, त्यामुळं तापमान जुळलं म्हणून मॉडेलला पास करू नका, रेडिएशन आणि ढगातलं पाणी तपासा. सेन्सरच्या काचेवर हिम धरतं, ते रोज बघा. वेळ यूटीसीतच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहा, आपल्या वेळेशी असलेल्या साडेपाच तासांच्या फरकाच्या गोंधळात माझे दोन दिवस गेले. आणि तिथल्या खाडीत डोंगरामुळं वारा वळतो, मॉडेलच्या मोठ्या चौकटीला तो दिसतच नाही, म्हणून 2019-20 च्या मोझेक मोहिमेचा डेटा सोबत ठेवा, पोलारस्टर्न जहाज बर्फात अडकवून घेऊन जवळपास वर्षभर समुद्रबर्फावर मोजलंय, तिथं डोंगर नाहीत.

कांदा-लसूण चटणी दुहेरी पिशवीत बांधून न्या, माझी बॅगेत फुटली.