मालागाची खबरबात

जेवणं आटोपल्यावर आज स्पेनमधल्या मालागाहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. स्पॅनिश शिकायला गेलीय. आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडं सहा, आणि बाहेर कडक ऊन! जूनमध्ये तिथं साडेनऊनंतर दिवस मावळतो, मग जेवणाला दहा. आमच्या आईचा पहिला प्रश्न, "पित्त होत नाही का गं?"

वर्गातली स्पॅनिश कळते म्हणाली, पण रस्त्यावरची अजून नाही. अंदालुसियातले, म्हणजे मालागाच्या त्या प्रांतातले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' सरळ गिळतात. मी म्हटलं, अगं, तू सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेली! घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी. कुठं क्लास लावला होतास? तिथंही मंडईत उभी राहा, घासाघीस ऐक. तर म्हणे, "मावशी, इथं कुणी घासाघीसच करत नाही!" (मग मंडईत जायचं कशाला?)

किनाऱ्यावर वाळू भरलेल्या होडीत लाकडं पेटवून काडीला ओवलेले सार्डिन भाजतात. शाकाहारी पोरगी तिथून नाक दाबून जाते. तिला आवडलंय ते आहोब्लांको. बदाम, लसूण, शिळा पाव वाटून केलेलं गार सूप, वर द्राक्षं. द्राक्षं बघून आपल्याकडचीच वाटली म्हणे. त्यावर ही बया शेंगाचटणी भुरभुरते! घरमालकीणबाईंनीही चाखली, आता डबा तळाला लागलाय.

पुढच्या महिन्यात तिकडं कुणी जाणारं असेल तर कळवा. चटणी आणि कडक भाकरी पाठवायच्यात.