चार सेकंदांवरून

गाणं तीन मिनिटं चार सेकंदांचं होतं म्हणून परत आलं. परत पाठवणारा कुणी रेडिओवाला नव्हता, माझ्याच ऑफिसातला स्वीडिश सहकारी होता. एरवी कॉफीच्या मशीनपाशी तासभर पाल्हाळ लावणारा हा गृहस्थ. निरोप एका ओळीचा : चार सेकंद कमी कर आणि रविवारी रात्रीच्या आत पुन्हा पाठव.

युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा तुम्हाला अ‍ॅबामुळे तरी ऐकून माहीत असेल. १९७४ साली ब्रायटनला हा स्वीडिश बँड ती जिंकला, आणि स्वीडन अजून त्या धुंदीतून उतरलेला नाही. इथून कुठलं गाणं पाठवायचं हे ठरवणारी मेलोडीफेस्टिवालेन वर्षाच्या सुरुवातीला आठवडेच्या आठवडे चालते. त्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी कुणाला जेवायला बोलवायचं तर टीव्ही लावून ठेवायचा, नाहीतर बोलवायचंच नाही.

पण इथल्या वेड्या चाहत्यांना खरी स्पर्धा पुरत नाही. ते आपली निराळी युरोव्हिजन भरवतात. प्रत्येकाने एक देश घ्यायचा आणि त्या देशाने कधीच न पाठवलेलं, पण पाठवायला हवं होतं असं गाणं उतरवायचं. सगळ्यांनी सगळी गाणी ऐकायची. मग गुण : १२, १०, आणि पुढे ८ पासून १ पर्यंत, खऱ्या स्पर्धेत १९७५ पासून देतात तसेच. स्वतःच्या देशाला गुण द्यायचे नाहीत. जो मत देणार नाही त्याचंही गाणं बाद. जिंकणाऱ्याने पुढची फेरी भरवायची. बक्षीस म्हणाल तर तेवढंच.

माझ्या टेबलासमोर बसणारा फिनिश मुलगा या खेळात निव्वळ हिशेब चुकते करायला आहे. २०२३ मध्ये लिव्हरपूलला प्रेक्षकांनी फिनलंडला ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. तरी परीक्षकांच्या गुणांवर लोरीन जिंकली, एकूण ५८३ विरुद्ध ५२६. हे आकडे तो झोपेतही सांगेल. खेळात परीक्षक नाहीत, म्हणून त्याला खेळच खरा वाटतो. त्याचं मला पटतं, पण स्वीडिश पगार घेऊन हे मोठ्याने कोण बोलणार!

मी अर्थातच भारत मागितला. नाही म्हणाले. मी म्हटलं, २०१५ पासून ऑस्ट्रेलिया चालतो, तो काय डेन्मार्कच्या शेजारी आहे? त्यावर अगदी शांतपणे उत्तर आलं की ऑस्ट्रेलिया खऱ्या स्पर्धेत उतरलाय, भारत नाही, आणि आमच्या नियमाला तेवढं पुरतं. 'पाहुणा म्हणून, गुणांविना' उतरायची मुभा होती. ती मी नाकारली. एवढी गाणी असलेल्या देशाने गुणांविना का म्हणून गायचं?

शेवटी कुणी न घेतलेला अँडोरा, फ्रान्स आणि स्पेनच्या मधला चिमुकला देश, माझ्या गळ्यात पडला. हा देश २००४ ते २००९ असा सहा वेळा स्पर्धेत उतरला आणि एकदाही अंतिम फेरीत पोचला नाही. मी संध्याकाळच्या संध्याकाळ तिथल्या कातालान भाषेतली गाणी ऐकत बसलो. शब्द कळत नव्हते, तरी एक जीव लावणारं सापडलं. शेवटी व्हायोलिनचा एकच सूर लांबत लांबत विरतो. ते चार सेकंद नेमके तिथलेच.

मी वाद घातला. चार सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं? तो स्वीडिश सहकारी म्हणाला, खऱ्या स्पर्धेत तीन मिनिटांच्या वर चालत नाही. मी म्हटलं, ही खरी स्पर्धा नाहीच मुळी! यावर तो इतका दुखावला की मलाच कसंसं झालं. आपल्याकडे 'चालतंय हो' म्हणून सोडून दिलं असतं, असं बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आपल्या एकांकिका स्पर्धा आठवल्या. तिथे वेळ उलटली की कितीही रंगलेला प्रयोग बाद होतो आणि त्याचा आपल्याला केवढा अभिमान असतो. पण तिथे मोठा करंडक असतो, नाव होतं. इथे एका तक्त्यातल्या रकान्यासाठी हा कडकपणा! हे लोक बिनकामाच्या गोष्टीतही इतके काटेकोर आहेत म्हणून यांच्या बसगाड्या वेळेवर येतात की वेळेवर येणाऱ्या बसगाड्यांमुळे यांना असल्या गोष्टींना वेळ मिळतो, देव जाणे.

सूर कापला नाही. सुरुवातीची गिटार कापली, बरोबर चार सेकंद.

निकालाच्या रात्री सगळे व्हिडिओ कॉलवर होते. प्रत्येकाने अंगात कोट चढवून, 'गुड ईव्हनिंग युरोप' म्हणत आपापले गुण वाचले. १२ गुण कुणाला हे सांगण्याआधी मुद्दाम थांबायचं, असाही रिवाज आहे. अँडोरा शेवटून तिसरा आला. फिनलंडने १० दिले. गिटार कापायला लावणाऱ्या महाशयांनी शून्य दिलं आणि वर कळवलं की सुरुवात जरा अचानक वाटते.

पुढच्या फेरीची नावनोंदणी सुरू झाली आहे. मोरोक्को १९८० साली एकदा उतरला होता, म्हणजे नियमात बसतो. मी तो मागून ठेवलाय, आणि यावेळी गाणं दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं निवडलंय.