पॅटन आज खरा रुतला

सहा महिन्यांपूर्वी ‘झाला’ म्हणून कपाटात ठेवलेला असल उत्तरच्या लढाईचा डायोरामा (प्रसंगाचं छोटं मॉडेल-दृश्य) आज पुन्हा बाहेर काढला. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळची उसाची शेतं, पाणी सोडून केलेला चिखल आणि त्यात अडकलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे. माझा पॅटन मात्र चिखलावर अलगद ठेवल्यासारखा दिसत होता. सुमारे ४५ टनांचं धूड असं तरंगेल का?

मन घट्ट करून रणगाडा उचकटला, खालचं प्लास्टर कोरलं आणि ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे साखळीपट्टे, अर्ध्यापर्यंत बुडवले. चाळलेली माती, फेविकॉल, गडद तपकिरी रंग. ट्रॅकलगत जास्त काळपट, वरून चकचकीत वॉर्निश. ओला चिखल सगळीकडे सारखा नसतो, हे लहानपणी आमच्याच शेतात पाहिलं होतं, तरी मागच्या वेळी लक्षात आलं नाही.

ऊसही बदलला. १:३५ प्रमाणात अडीच मीटरचा ऊस सात सेंटिमीटर भरतो, माझा चारच होता! तेवढ्या उसात आपले सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे लपले नसते.

रात्री दिवा तिरपा धरला, तेव्हा पानांची सावली पॅटनच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर पडली. किती वेळ बघत बसलो!

उद्या अब्दुल हमीद यांची जीप, याच लढाईत जिच्यावरच्या तोफेने त्यांनी पॅटन उडवले ती. १०६ मिमी तोफेची नळी अजून सरळ बसत नाहीये.