सगळ्यांचे पैसे गेलेत ना?

गेल्या मंगळवारी वकीलबाईंच्या ऑफिसात माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि आमच्या बांधकाम ठेकेदार कंपनीचं चौथं बिल तिथंच अडलं. साहेबांनी सहीसाठी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सगळ्यांचे पैसे गेलेत ना?" मी म्हटलं, "जवळजवळ." वकीलबाईंनी कागद शांतपणे आपल्याकडे ओढून घेतला. असं असेल तर शपथ होणार नाही, म्हणाल्या.

इथे कॅनडात, ऑन्टारिओत मोठ्या बांधकामाच्या दुसऱ्या बिलापासून पुढे प्रत्येक बिलासोबत ठेकेदार हा शपथेचा कागद जोडतो. सीसीडीसी ९-ए म्हणतात त्याला. तो कायद्यातून नाही, करारातून येतो. मागच्या ज्या बिलाचे पैसे मला मिळाले, तिथपर्यंतची मजुरी, माल, मशिनरी, पेटी ठेकेदार (कामाचा एक भाग घेणारे खालचे ठेकेदार), सगळ्यांची देणी मी चुकती केली आहेत, असं त्यात लिहिलेलं असतं. सूट तीनच गोष्टींना: रीतसर राखलेला १० टक्के होल्डबॅक (बिलातून मागे ठेवायची रक्कम), दोघांच्या संमतीने पुढे ढकललेलं देणं, आणि खरोखर वाद असेल व तो समोरच्याला कळवला असेल तर तेवढी रक्कम. शपथेवर खोटं बोलणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिले होते ४,३०० डॉलर. टाइल बसवणाऱ्याचे. त्याच्या बिलात एक बेरीज जुळत नव्हती म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. त्याला कळवलं नव्हतं. मालकाकडून पैसे आल्यावर ७ दिवसांत खालच्याला द्यायचे, हा २०१९ पासूनचा इथला कायदा मला पाठ आहे, आणि ७ दिवस केव्हाच उलटले होते. वाद नव्हता, संमती नव्हती, फक्त माझा आळस होता. त्या दुपारी आधी त्याचे पैसे गेले, मग साहेबांनी शपथ घेतली.

रात्री झोप लागली नाही. तो 'जवळजवळ' शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे वडील, आबा, सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅबखालचा साचा उभारायचं काम घ्यायचे, खानदेशातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात. मोठा ठेकेदार, त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली आबा. एका इमारतीचा स्लॅब पडून, प्लेटा निघून, रंगसुद्धा झाला, तरी वरून एकच निरोप: "बिल जवळजवळ निघालंच आहे." दोन आखाज्या (अक्षय्य तृतीया) गेल्या. आखाजीला आपल्याकडे सालदाराचासुद्धा वर्षाचा हिशोब मिटतो, आबांचा मिटला नाही.

मजूर सातपुड्यातले पावरा आदिवासी होते. होळीआधी भोंगऱ्या बाजाराला त्यांना घरी जायचं होतं. आबांनी निम्म्या लोखंडी प्लेटा विकल्या आणि एकेकाच्या हातावर पैसे मोजले. ज्यांच्या भाड्यावर घर चालायचं त्या प्लेटा. आई काही बोलली तर त्यांचं एकच वाक्य, "मजूरस्ना पैसा ठेवाना नही." त्यांच्याकडून कुणी शपथ घेतली नव्हती.

म्हणून बुधवारी ऑफिसातला एकजण सहज म्हणाला, "तुमच्या देशात असं काही नसेल," तेव्हा मला राग आला. आमच्याकडे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, मी सांगितलं. मजुरी वाटताना मुख्य मालकाचा माणूस समोर हजर हवा, 'माझ्यासमोर दिली' अशी त्याची सही हवी, ठेकेदाराने बुडवली तर मालकाने भरायची. तुमच्या कागदात मजुराच्या समोर उभं राहायला कुठे कोण येतं? तो गप्प बसला. आबांच्या साइटवर ती सही महिनाअखेरीला एकदम व्हायची, मजूर समोर नसताना, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. आणि त्या कायद्यात मजुरीच होती, आबांचं स्वतःचं बिल कुठेच नव्हतं.

हे वाचून कुणी म्हणेल, चांगला बापाचा धंदा सोडून गेली आणि तिकडचे गोडवे गाते. मी धंदा सोडला नाही, त्याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले आहे. तिथे राहिले असते तर मीही निरोप ऐकत बसले असते. निदान मला तरी तसंच वाटतं.

रविवारी आबांना फोनवर तो कागद मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "बेटा, हाऊ मोठा ठेकेदारना कागद शे. पेटीवालाना खाले जो गवंडी शे, त्यानं काय?"

साहेबांची शपथ फक्त त्यांच्या थेट देण्यांपुरती असते, हे मला माहीत होतं. पेटी ठेकेदारासाठी ९-बी म्हणून वेगळा कागद आहे. आमच्याकडे तो मोठ्या पेटीवाल्यांकडूनच मागतात, टाइलवाल्याकडून कधी मागितलाच नव्हता. त्याच्या हाताखाली दोन पोरं आहेत, त्यांची नावं मला माहीत नाहीत.

पाचवं बिल पुढच्या महिन्यात जाईल. आज सकाळी टाइलवाल्याला फोन केला. उशिराबद्दल माफी मागितली आणि ९-बी भरून आण म्हटलं. थोडा थांबला, मग म्हणाला, एका पोराचे दोन आठवडे राहिलेत, शुक्रवारी देतो. मी कागद शुक्रवारनंतरच घेणार आहे.